अर्धशक्ती : वैद्यांचा योग, योग्यांचे वैद्यक

‘आपली प्रकृती ओळखा आणि तिला मानवेल असा योगाभ्यास आखा’ हा उपदेश आज इतक्या सहजपणे केला जातो की, तो चरकापासून अखंड चालत आला असावा असे कुणालाही वाटेल. त्याच्यासोबत एक कोष्टकही येते. वातप्रकृतीच्या माणसाने सावकाश, जमिनीला धरून आसने करावीत. पित्तप्रकृतीने शीतल, बिनचढाओढीची. कफप्रकृतीने घाम निघेल अशी. कोष्टक सोयीचे आहे, कदाचित उपयोगीही असेल. आमचा प्रश्न ग्रंथाभ्यासकाचा आहे : हे कोष्टक कोणत्या जुन्या पोथीत सापडते?

आम्हांला माहीत असलेल्या कोणत्याही नाही. ते रूढ झाले विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि बरेचसे अमेरिकेत. पुण्यात आयुर्वेद शिकून तिकडे गेलेल्या वसंत लाड यांच्या १९८४ सालच्या इंग्रजी पुस्तकात दोषांनुसार आसनांची यादी दिलेली आहे. पुढे डेव्हिड फ्रॉली यांनी या कल्पनेचा विस्तार केला. जेसन बर्च यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात मध्ययुगीन योगग्रंथ आणि आयुर्वेद यांचे संबंध तपासले आहेत. योगग्रंथांत वात-पित्त-कफ, अग्नी, धातू हे शब्द येतात. पण आयुर्वेदाची सांगोपांग चौकट बहुतेक ग्रंथ उचलत नाहीत, असे त्यांतून दिसते.

म्हणजे दोन्ही शास्त्रांचा एकमेकांशी संबंधच नव्हता का? तसे मुळीच नाही. मात्र तो संबंध कोष्टकाचा नव्हता, आणि तो कसला होता हे पाहण्यात अधिक रस आहे.

स्वात्मारामाची पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ घेऊ. तिथे धौती, बस्ती, नेती इत्यादी षट्कर्मे सर्वांसाठी नाहीत. ज्याच्या ठायी मेद आणि कफ अधिक आहेत त्याने ती प्राणायामाआधी करावीत. ज्याचे दोष सम आहेत त्याने करू नयेत. ही खरी व्यक्तिसापेक्ष सूचना. कुंभकांच्या वर्णनातही हाच सूर आहे : सूर्यभेदनाने वातदोष जातो, उज्जायीने कंठातला कफ, शीतलीने पित्त. आसनांच्या बाबतीत मात्र ग्रंथकार जठराग्नी प्रदीप्त होतो, अमुक रोग हटतात एवढेच सांगतो. अमुक प्रकृतीच्या माणसाने अमुक आसन करावे असे म्हणत नाही. साधकांची प्रतवारी योगग्रंथांत आहे, पण ती वेगळ्याच मापाने. अकराव्या शतकातील ‘अमृतसिद्धी’ साधकाचे मृदू, मध्य, अधिमात्र आणि अधिमात्रतर असे चार वर्ग करते. तिथे कसोटी लागते ती साधकाच्या कुवतीची.

आता वैद्यांकडे वळू. सातव्या शतकाच्या आसपासच्या वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, दिनचर्येच्या अध्यायात, व्यायामाविषयी मोजकेच श्लोक आहेत. आसनांचे नावही तिथे नाही. तरी स्वतःचा अभ्यास आखू पाहणाऱ्याला ते श्लोक कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक देतात असे आमचे मत आहे. व्यायामाने शरीर हलके होते, कामाची क्षमता वाढते, अग्नी प्रदीप्त होतो, मेद झडतो. वातपित्ताच्या रोग्याने, बालकाने, वृद्धाने आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा. बलवानाने आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने तो थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने करावा. इतर ऋतूंत आणखी कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी, हे सुश्रुत सांगतो : हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की थांबावे. अतिव्यायामाने तहान, क्षय, दमा, रक्तपित्त, खोकला, ज्वर उद्भवतात. आणि जो अति करतो तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, अशी उपमा वाग्भट देतो. या उपमेत ओढणारा सिंह आहे, ससा नव्हे. इशारा दुबळ्याला नसून समर्थालाच आहे.

इथे कसोट्या आहेत त्या बल, वय, ऋतू, पचन आणि आहार. प्रकृती त्यांच्यामागे उभी आहे, पण एकटी नाही. साठी उलटलेल्या आणि पावसाळ्यात अभ्यास सुरू करू पाहणाऱ्या माणसाला वाग्भट आधी वय विचारील, मग भूक. आणि वर्षाऋतूत श्रम वर्ज्य आहेत याची आठवण करून देईल. गंमत अशी की, योगी आणि वैद्य यांचे ऋतूंबाबत पूर्ण जमत नाही. ‘घेरंडसंहिता’ हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या चारही ऋतूंत योगारंभ निषिद्ध मानते आणि वसंत व शरद तेवढे मोकळे ठेवते. वैद्य ज्या थंडीत सर्वाधिक व्यायामाची मुभा देतो, त्याच थंडीत योगी आरंभ करू नको म्हणतो. एकमत होते ते वसंतावर. ‘प्राचीन भारतीय परंपरा सांगते’ असे एकवचनी वाक्य लिहिण्यापूर्वी हा मतभेद ध्यानात घेतलेला बरा.

वाग्भटाचा ग्रंथ हिमालयापलीकडे गेला. भाषांतरकार रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) यांनी अकराव्या शतकात तो चंद्रनंदनाच्या टीकेसह तिबेटीत आणला. बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो यांच्या नावाशी निगडित असलेला १५६ अध्यायांचा ‘ग्यूशी’ हा ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्यात वाग्भटाचा बराच भाग मुरलेला आहे. वाताला तिबेटीत ‘लुङ’ हा शब्द आला आणि त्याबरोबर अर्थही सरकला. वाग्भटाने आपल्या मंगलश्लोकात राग इत्यादींना रोगच म्हटले आहे. तिथे जी काव्यमय वंदना होती, तिचे तिबेटात निदानशास्त्र झाले : लुङच्या मुळाशी राग, पित्ताच्या मुळाशी द्वेष, कफाच्या मुळाशी मोह. शिवाय लुङ हे चित्ताचे वाहन. साहजिकच ध्यान चुकले, मन ताणले गेले तर लुङ बिघडतो. या विकाराला तिबेटी वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. त्यावर उपाय आणखी ध्यानाचा नाही. ऊब, स्निग्ध अन्न, हाडांचे सूप, विश्रांती आणि आवडत्या माणसांचा सहवास, असा तो आहे. हाडांचे सूप हा उपाय आपल्याकडील योगवर्गांत कुणी सांगणार नाही, हे उघड आहे.

तिबेटी वैद्यांनी योग दूर ठेवला नाही. युथोक यांच्याच परंपरेतील ‘युथोक ञिङथिक’ या साधनासंग्रहात वैद्याने स्वतः करावयाच्या साधना आहेत, आणि त्यांत ‘ट्रुलखोर’ म्हणजे श्वास रोखून करावयाच्या शरीरक्रियाही येतात. तिथे योग हा रोग्याला द्यायच्या औषधाआधी वैद्याच्या स्वतःच्या घडणीचा भाग आहे.

महाराष्ट्रातही ही दोन शास्त्रे एकाच राज्यात, एकाच काळात शेजारी नांदत होती. ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री देवगिरीच्या रामदेवरायाचा मंत्री होता. त्याच राजाच्या कारकिर्दीत, १२९० साली, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीच्या वर्णनात कफ, पित्त आणि मेद यांचे उल्लेख येतात. ज्ञानेश्वरांना वैद्यकाची परिभाषा अवगत होती हे त्यावरून कळते. परंतु तिथे दोष सम करायचे नाहीत, शरीराचा देहपणाच ओलांडायचा आहे. वैद्य देह राखू पाहतो, योगी त्याच्या पलीकडे जाऊ पाहतो. याच भेदामुळे बहुधा दोघांनी एकमेकांचे शब्द घेतले आणि पद्धती मात्र आपापल्या ठेवल्या.

अपवाद आहे, आणि तो मोलाचा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामाने ‘हठप्रदीपिके’ची जी आवृत्ती काढली, तिच्यात नेहमीच्या चार उपदेशांपुढे पाचवा उपदेश छापलेला आहे. त्याचा विषय आहे चुकलेला अभ्यास : साधकाच्या प्रमादाने वायूने वाट सोडली तर कोणते रोग होतात आणि त्यांवर काय करावे. ग्रंथकार तिथे साधकाला आपल्यापाशीच अडवून ठेवत नाही. वैद्यकशास्त्रात सांगितलेले उपचार करावेत आणि योगचिकित्साही करावी, असे तो सांगतो.