मोर्तब सुद

साताऱ्यातल्या एका केंद्रावर सातबारा काढायला बसलो, तर पडद्यावर आधीच्या माणसाचं खातं उघडंच. मी ‘लॉग आउट’ दाबलं आणि तोंडून निघालं, “झालं मोर्तब!” तेव्हापासून लॉग आउट आणि मोर्तब यांचं नातं माझ्या डोक्यातून जात नाही.

लॉग आउटचा वंश सगळ्यांना ठाऊक आहे. जहाजाचा वेग मोजायला पाण्यात सोडायचा तो लाकडी लॉग, त्याची वही लॉगबुक. १९६१ साली एमआयटीत एक संगणक अनेकांनी वाटून वापरायला सुरुवात केली, तेव्हा आल्या-गेल्याची नोंद गरजेची झाली. १९९४ मध्ये लू मॉंटुलीनं ब्राउझरला कुकी, म्हणजे ओळख लक्षात ठेवणारी चिठ्ठी, दिली.

मला ओढ मोर्तबाची. मराठी राजपत्राच्या माथ्यावर शिक्का, तर शेवटी लहान मुद्रा, तेच मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’. पेशवाईत ‘लेखनसीमा’. मजकूर इथं संपला. पुढं कुणी ओळ वाढवली तर ती खोटी.

शब्द कुठला? मुद्राच ती, म्हणून आधी मला ‘मोहोर’ सुचला. पण मग ‘तब’ कुठून आलं? अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे रीतसर लावलेलं, हाच मूळपुरुष. ‘मोर्तब सुद’मधलं ‘सुद’ म्हणजे फारसी ‘शुद’, झालं. मोर्तब सुद: रीतसर पुरं झालं.

कुणी म्हणेल, मोर्तबानं पत्र जिवंत होतं, लॉग आउटनं सत्र मरतं, नातं कसलं? नातं सीमेचं, आणि ती कोण घालतो याचं. मुद्रा दरबाराकडे असते, जासूदाकडे नाही. खिडकी मिटली, कुकी पुसली, तरी तिची नक्कल कुणाच्या हाती असेल तर ती चालू शकते. सर्व्हरनं आपल्या वहीतलं सत्र रद्द केलं, तरच शेवट खरा.

शाहू महाराज १७४९ साली साताऱ्यात वारले. पुढं माधवराव पेशव्यांच्या शिक्क्यात नव्या छत्रपतींचं, राजाराम नरपतींचं, नाव आलं. गादी बदलली, शिक्का बदलला. पासवर्ड बदलताच सगळी जुनी सत्रं मोडावीत, ती याच न्यायानं.

आणि माणूस न सांगता उठून गेला तर? कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षा नियमांत पंधरा मिनिटांच्या शांततेनंतर पुन्हा ओळख मागतात. तिथं मर्यादा दरबारच घालतो.

एमआयटीतल्या कुणी मोडी वाचली नसावी. गरज तीच, म्हणून उत्तरही तेच. मराठी संकेतस्थळांनी निरोपाच्या पानावर ‘मोर्तब सुद’ लिहावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. ‘बाहेर पडा’ म्हटलं की माणूस फक्त उठतो. ‘मोर्तब सुद’ म्हटलं की काम पुरं झालं, हे त्याला कळतं.