सामुदायिक महाविद्यालयातील परिचर्या शिक्षण (अमेरिका)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा पडला. तोवर परिचारिकांचे शिक्षण मुख्यतः रुग्णालयांच्या शाळांत, तीन वर्षांचे. त्यातही बराच वेळ वॉर्डात राबण्यातच जाई. परिचर्या शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांनी १९५१ मध्ये दोन वर्षांच्या सहयोगी पदवीची कल्पना मांडली. १९५२ पासून सामुदायिक महाविद्यालयांत तिचा प्रयोग सुरू झाला.

फी माफक, कॉलेज घराजवळ. त्यामुळे नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांचीही सोय झाली. शिक्षणात प्रत्यक्ष सरावही असतो: विद्यार्थी सलाइनची सुई लावायला आधी रबरी हातावर शिकतात, मग रुग्णाच्या.

परिचारिकेच्या परवान्याची ‘एनक्लेक्स-आरएन’ परीक्षा त्यांनाही चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना असते तीच. तरीही अनेक मोठी रुग्णालये चार वर्षांच्या पदवीलाच झुकते माप देतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना दहा वर्षांत ती पदवी मिळवणे बंधनकारक केले.