पाचशे रुपयांचा हिशेब : संपत्ती, स्वाभिमान आणि समाधान

मागच्या उन्हाळ्यात एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. बैठक चालू असतानाच दारात मोटारसायकल थांबली. फायनान्सचा वसुलीवाला आला होता. बैठकीतली एक ताई गुपचूप उठली, मागच्या दाराने शेजारच्या घरात गेली आणि तो माणूस जाईपर्यंत बाहेर आली नाही. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मुलाचे लग्न झाले होते. मंडप, डीजे, घोडा, सगळे हप्त्यावर. आम्ही विचारले, "ताई, एवढे कर्ज कशाला काढले?" ती म्हणाली, "सर, माझ्या सासऱ्याची वरात गावातून जाऊ दिली नव्हती. यावेळी काढायचीच होती."

तिला काय उत्तर द्यावे हे त्या दिवशी आम्हाला सुचले नाही. "उधळपट्टी करू नका" असे म्हणणे सोपे होते, पण ते अर्धसत्य ठरले असते. "बरोबर केलेत" म्हणावे, तर वसुलीवाला पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारच होता. म्हणून इतिहास पुन्हा चाळला. पैसा, प्रतिष्ठा आणि समाधान या तीन गोष्टींचा आपल्या समाजाशी नेमका काय संबंध राहिला आहे, आणि बाबासाहेबांनी या गुंत्यातून वाट कशी काढली, हे तपासून पाहिले. तेच येथे मांडत आहोत.

गरिबी नव्हे, बंदी

मित्रांनो, पहिली गोष्ट लक्षात घ्या. जगात गरीब लोक सगळीकडे होते. पण संपत्ती बाळगण्यावरच धर्माने बंदी घातलेला समाज आपल्या वाट्याला आला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे की, शूद्राला धन मिळवणे शक्य असले तरी त्याने धनसंचय करू नये, कारण धनवान शूद्र ब्राह्मणाला त्रास देतो. त्याच अध्यायात चांडाळांची 'मालमत्ता' ठरवून दिली आहे : कुत्रे आणि गाढवे, मेलेल्याच्या अंगावरचे कपडे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. कोणाजवळ काय असावे यावरून कोण किती माणूस, हे ठरवणारी ही व्यवस्था होती.

कोणी म्हणेल, ही जुनी पोथी आहे, प्रत्यक्षात असे कोण वागत होते? त्यासाठी बाबासाहेबांचे १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडावे. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर गावच्या सवर्णांनी लादलेले नियम त्यात दिले आहेत. सोनेरी काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत, नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी हे मानले नाही तेव्हा त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला बंदी झाली आणि शेकडो कुटुंबांना बायकापोरांसह गाव सोडून शेजारच्या संस्थानांत जावे लागले. गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या झाणू गावी १९३५ साली खात्यापित्या घरच्या अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर धावून आले. अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना बडवून हाकलले.

त्या माणसाजवळ तुपाला पैसे होते. चोरी केली नव्हती, कोणाचे लुबाडले नव्हते. त्याने तूप खाल्ले हाच गुन्हा होता! तेव्हा "अंथरूण पाहून पाय पसरावेत" असा शहाणपणा आम्हाला शिकवणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे : हे अंथरूण कापले कोणी? पाय लांब केले की लाठी घेऊन कोण उभे राहत होते? ज्याला तूप खाण्याची बंदी आहे, त्याने कोरड्या भाकरीत समाधान मानले तर त्याला संतोष म्हणत नाहीत. ती मुकाट सोसलेली गुलामी असते.

म्हणून त्या ताईची वरात हा निव्वळ दिखावा नव्हता. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक झाल्याच्या बातम्या आजही देशाच्या अनेक भागांतून येतात. ज्या समाजाच्या तुपावर, तांब्याच्या घागरीवर आणि पगडीच्या काठावर पहारा होता, त्या समाजात वस्तू नुसती वस्तू राहत नाही. ती जुन्या अपमानाचे उत्तर होऊन बसते.

महाडच्या रात्रीचा सल्ला

पण बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत, हे आपण विसरतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. त्यानंतर दोन दिवसांनी, २७ डिसेंबरला, तिथेच जमलेल्या आपल्या मायबहिणींसमोर त्यांनी भाषण केले. त्या भाषणात लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते घालावेत, हा विषय होता. इतक्या मोठ्या लढ्याच्या ऐन रणधुमाळीत पुढाऱ्याने दागिन्यांवर का बोलावे?

कारण ते दागिने म्हणजे जातीची खूण होती. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोट, यावरून बाई अस्पृश्य आहे हे लांबून ओळखू येई. बाबासाहेबांनी ते उतरवायला सांगितले. घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असे ते म्हणाले. दागिन्याच्या पैशात नीट कपडे घ्या, फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, मुलींना शाळेत घाला, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी बायकांनी लुगडी नेसण्याची पद्धत बदलली.

येथे दोन गोष्टी एकदम घडल्या. सोने घालण्याचा हक्क बाबासाहेबांनी ठणकावून मागितला. आणि त्याच श्वासात सांगितले की, सोने नसेल तर मोकळा गळा कथलाने भरलेल्या गळ्यापेक्षा अधिक मानाचा आहे. हक्क पूर्ण हवा, पण माणसाची किंमत वस्तूवर टांगलेली नको. आपल्या चळवळीने यातले पहिले वाक्य पाठ केले, दुसरे सोडून दिले.

पाचशे रुपये

या विचाराची सर्वात कठीण परीक्षा मृत जनावरांच्या प्रश्नावर झाली. मेलेली ढोरे ओढायची नाहीत आणि मृतमांस खायचे नाही, हा निर्णय चळवळीने घेतला तेव्हा 'केसरी'तून उलटा प्रचार सुरू झाला. एखाद्या गावात वर्षाला पन्नास ढोरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, खूर मिळून पाचशे रुपये होतात, आंबेडकर या गरिबांना त्या उत्पन्नाला मुकवत आहेत, असा तो हिशेब होता. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सविस्तर सांगितली. असा सवाल करणाऱ्याला त्यांनी विचारले होते की, तुमचे कुटुंब केवढे आहे? मग तुम्हीच ढोरे ओढा, ते पाचशे रुपये तुम्ही घ्या, आणि वर माझ्याकडून आणखी पाचशे देतो!

हे कोण बोलत होते ते पाहा. ज्याचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला, तो अर्थशास्त्रज्ञ हे बोलत होता. रुपयाची किंमत त्याच्याइतकी त्या काळात फार थोड्यांना कळत होती. पाचशे रुपये म्हणजे उपाशी वस्तीला काय, हेही त्याला ठाऊक होते. तरीही त्याने हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवला. तो रकाना इज्जतीचा. त्या रकान्यासकट बेरीज केली की पाचशे रुपयांचा फायदा तोट्यात जातो.

महारवतनाचेही तसेच. वतन म्हणजे काय, तर इनामाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. त्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने रात्रंदिवस गावाचे आणि सरकारचे हरकाम करायचे. आपल्यातल्याच अनेकांना त्या वतनाचा अभिमान होता, कारण 'आपले' म्हणावे असे तेवढेच होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा आपल्या लोकांची समजूत घालणेही सोपे नव्हते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. जी मालमत्ता माणसाला बांधून ठेवते, ती मालमत्ता नव्हे, दावण आहे, हे समजायला आपल्याला तीस वर्षे लागली.

बुद्धाचा संतोष म्हणजे काय?

आता धम्माकडे येऊ. संतोष हे श्रेष्ठ धन आहे ही शिकवण सर्वांना माहीत आहे. तिचा गैरवापरही तितकाच झाला आहे. "तुम्ही बौद्ध ना, मग आहे त्यात समाधान माना", असे आम्हाला ऐकवणारे भेटतात. बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी स्पष्ट केले आहे की, संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. गरिबी ही धन्यता आहे असे बुद्धाने कधी म्हटले नाही. दुःखी माणसाने आपली स्थिती बदलू नये असेही म्हटले नाही. त्याने वीर्य शिकवले, म्हणजे जोमदार प्रयत्न शिकवला. संतोषाचा अर्थ एवढाच की, ज्याला सीमा नाही त्या लोभाच्या ताब्यात माणसाने जाऊ नये.

सुत्तांमध्ये तर बुद्ध संसारी माणसाशी अगदी व्यवहाराचे बोलतो. कोलिय कुळातला दीघजाणू त्याला म्हणतो, आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, पैसा हाताळणारी माणसे, आम्हाला झेपेल असे काही सांगा. बुद्ध त्याला चार गोष्टी सांगतो : कष्टाने आणि कौशल्याने मिळवणे, मिळवलेले सांभाळणे, चांगल्यांची सोबत धरणे आणि समजीविता. समजीविता म्हणजे मिळकत आणि खर्च तराजूत धरून जगणे. थोड्या मिळकतीत थाटाने राहणारा माणूस उंबराचे झाड हलवून फळांची नासाडी करणाऱ्यासारखा दिसतो, आणि भरपूर असून कंगालासारखा जगणाराही चुकतोच, असे त्याचे म्हणणे. अनाथपिंडिकाला बुद्धाने गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. अनाथपिंडिक हा त्या काळचा बडा व्यापारी. त्यालाही कर्ज नसण्याचे सुख वेगळे मोजून सांगावे लागले. निर्दोष जगण्याचे सुख तर बुद्धाने सर्वांत वरचे मानले.

तूप खाण्याचे सुख यात आहे. पण वसुलीवाला दारात आल्यावर मागच्या दाराने जावे न लागणे, हेही सुख आहे, आणि बुद्धाने ते सुखांच्या यादीत घातले आहे.

आजचे कथील

मग आज आपले काय चालले आहे? आमच्यापासूनच सुरुवात करतो. पहिली नोकरी लागली तेव्हा पगाराच्या दुपटीचा फोन आम्ही हप्त्यावर घेतला. कारण विचाराल तर, कार्यालयातल्या टेबलावर सगळ्यांचे फोन शेजारीशेजारी पडलेले असत आणि आमचा साधा फोन आम्ही खिशातच ठेवत असू. नवा घेतल्यावर तोही टेबलावर ठेवू लागलो. आडनाव विचारायचे ते विचारतच राहिले. त्यांच्या नजरेत काडीचा फरक पडला नाही, हप्ते मात्र वर्षभर गेले.

बाजाराने आपली जखम नेमकी ओळखली आहे. जिथे अपमान ताजा आहे, तिथे 'इज्जत' विकायला ठेवली की माल खपतो. पूर्वी कोणी काय घालू नये हे गाव ठरवत होते. आता कोणी काय घेतलेच पाहिजे हे जाहिरात ठरवते. दोन्ही वेळा आपली किंमत ठरवणारा दुसराच आहे. कथलाचा गोट जाऊन हप्त्यावरची गाडी आली, पण खूण तीच राहिली : या माणसाला स्वतःची किंमत अजून दुसऱ्याच्या डोळ्यांत शोधावी लागते.

याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. बाबासाहेब सुटाबुटात राहिले आणि त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले. पण त्या घरात सर्वांत मोठा मान पुस्तकांना होता. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. हीसुद्धा संपत्तीच आहे. तिच्यावर आपल्या अनेक पिढ्या शिकल्या आणि ती कोणी ओढून नेऊ शकला नाही. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बजावले होते की, मुलामुलींची लग्ने घाईने लावू नका, आधी त्यांना आर्थिकदृष्ट्या उभे राहू द्या. लग्न हे बापाने कर्जात बुडण्याचे निमित्त होऊ नये, ही काळजी त्यांना तेव्हाही होती.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. खर्च करण्यापूर्वी महाडची कसोटी लावा. ही वस्तू माझा हक्क बजावते आहे, की माझी किंमत दुसऱ्याकडे गहाण टाकते आहे? पहिले असेल तर कोणी लाठी घेऊन आले तरी मागे हटू नका, आम्ही सोबत आहोत. दुसरे असेल तर ती कितीही चकाकली तरी उतरवून ठेवा. वस्तीत लग्न ठरले की मंडपाच्या बैठकीत एकाने तरी उठून कर्जाचा विषय काढावा. सुरुवातीला लोक नाक मुरडतील. ढोरे ओढू नका म्हणणाऱ्यांकडे बघूनही मुरडले होते.

आणि त्या ताईला? तिला आम्ही पुन्हा भेटायला जाणार आहोत. म्हणणार आहोत, ताई, वरात काढलीत ते योग्यच केले, तो तुमचा हक्कच होता. पण त्यासाठी आठशे माणसांचे जेवण आणि डीजे लागत नव्हता. गावातून ताठ मानेने चालत गेला असता तरी सासऱ्याचे राहिलेले पूर्ण झाले असते. आता बचत गटाची वही काढा. हप्त्यांचा हिशेब आपण मिळून मांडू, आणि पुढच्या वेळी वसुलीवाला आला की तुम्ही पुढच्या दारात उभ्या राहून त्याच्याशी बोला. आम्ही शेजारी उभे असू.

जय भीम! नमो बुद्धाय!