निर्गुडेकाठची वणी

कापूस विकायला निघायचं असलं की आजा पहाटे तीनलाच बंडी जुपायचा. ठासून भरलेल्या कापसावर मी बसलेला. "झोपू नको बाप्पा, खाली पडशीन," असं दर दहा मिनिटांनी ऐकू यायचं. निर्गुडेत बैल पाणी प्यायले, की पलीकडे वणीचे दिवे दिसू लागत.

बाजारात हर्रास व्हायची, मग काटा, मग चुकारा. पैसे हाती आले की आजा आधी लोहाराची उधारी फेडायचा, मग किराणा, मग लुगडं, आणि शेवटी मला भजी. एका बंडीवर गावातली किती घरं चालायची! रंगनाथ स्वामींच्या जत्रेतली बैलजोडीही या कापसाच्या पैशावरच यायची.

वणीचा हा व्यापार जुना. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि विलायतच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. तेव्हा आमचा जिल्हाही वणीच्या नावानं ओळखला जाई. १९०५ मध्ये ते नाव गेलं, जिल्हा यवतमाळ झाला. बाजार मात्र राहिला.

कापसाला भाव आला त्याच सुमारास वर्धा नदीच्या खोऱ्यात इंग्रजांना कोळसा सापडला. नदीपलीकडे वरोऱ्याला १८७० च्या दशकात खाण सुरू झाली. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे रेल्वे तिथवर आणली, ती कोळसाही नेई आणि कापसाच्या गाठीही. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली, पण तोवर बल्लारपूरकडे काम लागलं होतं. पुढे घुग्घुस आणि आमच्या बाजूला राजूर. राजूरला चुन्याच्या भट्ट्याही होत्या. या खाणी जमिनीखालच्या. खाली मजूर कोळसा फोडत आणि वर कपाशी डोलत असे. दोघांचं बरं चाललं होतं.

१९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर आमच्या भागात उघड्या खाणी वाढल्या. निलजई, उकणी, मुंगोली ही गावांची नावं खाणींची नावं झाली. उघड्या खाणीला वावरच लागतं.

आमचंही गेलं. मोबदला मिळाला, आणि जमिनीमागे एक नोकरी. आज्याला पोरं दोन. नोकरी काकाला दिली, कारण त्याला लेकरं जास्त. बाबा वणीत एका अडत्याकडे हिशेब लिहायला लागले. काकाचं घर स्लॅबचं झालं, त्याची पोरं शिकली, हे खरंच. पण पुढची बारा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, हेही खरं. आजा गेला तेव्हा तिरडीला दोघांनी खांदा दिला, तोही न बोलता.

आजा एकदा खाणीच्या काठावर उभा राहून म्हणाला होता, "कापूस दरसाल येते रे. कोयसा एकदाच निघते."

त्याचा अर्थ बाबांच्या वहीत मला नंतर दिसला. कापूस वणीत थांबायचा. लोहार, हमाल, दुकानदार, सगळ्यांच्या हाताला लागूनच पुढे जायचा. कोळसा खाणीतून वॅगनमध्ये पडतो आणि थेट वीज केंद्राकडे जातो. पगाराचा पैसा गावात येतो, नाही असं नाही. पण खाण संपली की पगारही संपतो. तेव्हा परत नांगरायला वावर कुठून आणायचं?

मागच्या हिवाळ्यात मामेभावासोबत बाजारात गेलो. त्याचं वावर अजून आहे, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. व्यापाऱ्यानं चिमूटभर कापूस बोटांत चोळला. बोटं काळी झाली. त्यानं काही न बोलता ती धोतराला पुसली आणि भाव उतरवून सांगितला.

मामेभाऊही काही बोलला नाही. म्हणाला, "चाल, भजी खाऊ."