कमी पैशांत बोलिव्हिया: कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे मुळीच घेऊ नये

दक्षिण अमेरिकेत पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सर्रास बोलली जाते: चिलीत पैसे संपतात, बोलिव्हियात पुरतात. खंडातल्या सर्वांत स्वस्त देशांमध्ये बोलिव्हियाची गणना होते. जगातलं सर्वांत मोठं मिठाचं मैदान, टिटिकाका सरोवर, चांदीच्या खाणींचं पोतोसी आणि अ‍ॅमेझॉनचं जंगल, असं सगळं या एका देशात आहे. मात्र इथे स्वस्त प्रवासाचं गणित फक्त पैशांचं नसतं, उंचीचंही असतं. ते चुकलं की वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

निघण्यापूर्वी: एक पिवळं कार्ड

भारतीय प्रवाशाच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा विमानाचा. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. त्यामुळे ज्यांच्याकडे तो नाही ते बहुधा आदिस अबाबा आणि साओ पाउलो या मार्गाने सांता क्रूझला पोहोचतात. बोलिव्हियाचा व्हिसाही लागतो. या देशाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. नियम आणि शुल्क बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी तिथे विचारलेलं बरं.

अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे पीतज्वराची लस. बोलिव्हिया आणि ब्राझील हे दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. मुंबईच्या विमानतळावर सहा दिवस अडकण्यापेक्षा एका सकाळची रांग परवडते.

मार्ग पायरीपायरीने चढणारा हवा

बहुतेक प्रवासी इथेच चुकतात. ला पाझ सुमारे 3,600 मीटरवर आहे आणि त्याचा विमानतळ शेजारच्या एल आल्तोमध्ये, 4,061 मीटरवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या मुंबईहून निघालेला माणूस जवळपास अडीच कळसूबाई उंचीवर एकदम उतरतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे मग ठरलेलंच. पहिले तीन दिवस खोलीत पडून काढायचे म्हणजे तीन दिवसांचं भाडं फुकट.

स्वस्त आणि शहाणा मार्ग उलटा आहे. सांता क्रूझ सुमारे 400 मीटरवर आहे. तिथून बसने किंवा सामायिक टॅक्सीने सामाइपाता गाठायचं, उंची साधारण कळसूबाईइतकीच. मग सुक्रे, 2,800 मीटर. पांढऱ्या भिंतींचं हे शहर देशाची घटनात्मक राजधानी आहे, आणि स्वस्तात स्पॅनिश शिकायला जगभरातून लोक इथे येऊन राहतात. चार-पाच दिवस इथे काढले की शरीर सरावतं आणि बाजारात भाव करण्याइतकी भाषाही येते. त्यानंतर 4,000 मीटरवरचं पोतोसी, मग उयुनी, ला पाझ आणि शेवटी टिटिकाका. अंतर्गत विमानप्रवास वाचतो आणि डोकंही फारसं दुखत नाही.

डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी अनेकजण घेतात. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोल जाऊ लागला, बरळल्यासारखं होऊ लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उपाय एकच: लगेच खाली उतरणं. स्थानिक लोक कोकाच्या पानांचा चहा देतात. बोलिव्हियात तो कायदेशीर आहे आणि पिण्यात गैर काही नाही. मात्र ती पानं आठवण म्हणून बॅगेत टाकून भारतात आणणं हा अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. चहाची पुडीसुद्धा त्यातच येते.

डॉलर रोख का हवेत?

2011 पासून एका डॉलरला सुमारे 6.96 बोलिव्हियानो हा सरकारी दर वर्षानुवर्षं हलला नाही. 2023 मध्ये देशात डॉलरची टंचाई सुरू झाली आणि बाजारातला दर सरकारी दराला मागे टाकून पुढे गेला. 2025 मध्ये काही काळ तो दुपटीहूनही जास्त होता. म्हणजे सरकारी दराने कार्ड घासणाऱ्याला जेवढ्यात एक जेवण मिळालं, तेवढ्यात रोख डॉलर बदलणाऱ्याला दोन. ही तफावत धोरणानुसार कमीजास्त होत असते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात दोन्ही दर पाहून ठेवावेत.

भारतातून अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून एका प्रवासासाठी 3,000 डॉलरपर्यंत रोख नेता येते. नोटा कोऱ्या हव्यात. कोपरा फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट तिथे कोणी घेत नाही. पैसे रस्त्यावर उभ्या माणसाकडे न बदलता दुकानात बदलावेत आणि सगळी रक्कम एका जागी ठेवू नये. आणखी एक, सुट्टे जपावेत. शंभरची नोट पाहून भाजीवाली बाई मान हलवते, अगदी आपल्या मंडईत सकाळी पाचशेची नोट काढल्यावर होतं तसंच.

पोटापाण्याचं

स्वस्त जेवणासाठी एकच शब्द पुरे: आल्मुएर्सो. दुपारचं ठरलेलं जेवण, आधी सूप, मग भात-बटाट्यासोबत एक पदार्थ, कधी शेवटी फळ. प्रत्येक शहराच्या मंडईत वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला बाकड्यांची रांग असते, तिथे ते सर्वांत स्वस्त मिळतं. पर्यटकांच्या रस्त्यावर त्याच ताटाला सहज दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. बाकड्यांवर जिथे स्थानिक लोकांची गर्दी, तिथेच बसावं. मागच्या ताज्या जेवणाची तीच हमी. नळाचं पाणी मात्र पिऊ नये.

शाकाहारी माणसाची थोडी पंचाईत होते. ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येते, कारण तिथे ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस. ‘नो कोमो कार्ने, नि पोयो’, मांस खात नाही आणि कोंबडीही नाही, असं पूर्ण वाक्य पाठ करावं. शेंगदाण्याचं सूप, सोपा दे मानी, मराठी जिभेला लगेच आवडण्यासारखं आहे, पण तेही बहुतेकदा हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं. गंमत म्हणजे शेंगदाणा मूळचा याच भागातला, बटाटा अँडीज पर्वतातला आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. आपली उपवासाची खिचडी इथूनच निघालेली म्हणायला हरकत नाही! वसतिगृहात स्वयंपाकघर असेल तर हे तिन्ही जिन्नस मंडईत ओळखीचे भेटतात. साबुदाणा तेवढा घरून न्यावा लागतो.

रात्रीची बस

लांबचे प्रवास रात्री केले की एका मुक्कामाचं भाडं वाचतं. ला पाझहून उयुनीला जाणारी बस रात्री निघून सकाळी पोहोचते. पण थंडी मरणाची असते आणि गाडीतलं स्वच्छतागृह बऱ्याचदा कुलूपबंद असतं. म्हणून घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग वर घ्यावी, डिकीत टाकू नये. पासपोर्ट आणि पैसे मांडीवरच्या छोट्या पिशवीत असावेत, डोक्यावरच्या फळीवर नव्हे. स्थानकाचा छोटा कर तिकिटाशिवाय वेगळा भरावा लागतो. ‘ब्लोकेओ’ हा शब्दही माहीत हवा, म्हणजे रस्ता रोको. मागणी मान्य होईपर्यंत महामार्ग दिवसेंदिवस बंद राहू शकतो, त्यामुळे परतीच्या विमानाआधी दोन-तीन दिवस राखीव ठेवावेत.

कोपाकबानाला जाताना तिकिना सामुद्रधुनीपाशी सगळ्यांना उतरवतात. प्रवासी होडीतून आणि बस तराफ्यावरून, अशी वेगवेगळी पाणी ओलांडतात. होडीचे पैसे वेगळे.

ला पाझमध्ये फिरायला 2014 पासून सुरू झालेली केबल कार आहे. शहराच्या डोक्यावरून जाणाऱ्या तिच्या दहा मार्गिका आहेत. पर्यटकांसाठी नाही, तर नोकरीवर जाणाऱ्यांसाठी बांधलेली, म्हणून भाडं शहर बसच्या आसपासचंच. हजार-हजार रुपयांच्या शहरदर्शनाची त्यानंतर गरज उरत नाही. टॅक्सी मात्र रस्त्यावर हात करून न थांबवता फोनवर बोलावलेली बरी. साध्या वेशातला कोणी ‘पोलीस आहे, कागद दाखवा, गाडीत बसा’ म्हणाला तर बसू नये. ही तिथली जुनी लबाडी आहे.

उयुनीत घासाघीस नको

सालार दे उयुनी दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तीन दिवसांची जीप सफर मिठाच्या मैदानातून रंगीत सरोवरांकडे जाते. एक मुक्काम 4,300 मीटरच्या आसपास असतो, आणि जून-जुलैत तिथला पारा शून्याच्या बराच खाली जातो. आरशासारखं पाणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत दिसतं, पण तेव्हा काही भागांत गाडी जात नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

गावात सफर विकणाऱ्या दुकानांची रांग आहे आणि सगळ्यात स्वस्त दर सांगणारा कोणीतरी असतोच. इथे थांबून विचार करावा. कमी पैशांत गाडी जुनी, पट्टे तुटलेले, चालक न झोपलेला आणि क्वचित प्यायलेला असू शकतो. आधी गाडी पाहावी, प्राणवायूची नळकांडी आहे का विचारावं आणि आदल्या दिवशी परतलेल्या प्रवाशांशी बोलावं. अभयारण्याचं प्रवेशशुल्क दरात धरलं आहे की नाही, हेही लिहून घ्यावं. सफर चिलीत संपवायची असेल तर तिथल्या प्रवेशाची परवानगी आधीच हातात हवी; सीमेवर मोकळ्या वाळवंटात ती मिळणार नाही. ला पाझजवळच्या ‘मृत्यूच्या रस्त्या’वरची सायकल सफरही तशीच: 4,650 मीटरवरून थेट उतार, आणि स्वस्त सायकल म्हणजे झिजलेले ब्रेक.

पोतोसीच्या खाणीतली सफर स्वस्त आणि लोकप्रिय आहे. पण आत माणसं आजही धुळीने फुप्फुसं गमावत काम करतात, आणि गर्दी करून त्यांचे फोटो काढणं अनेकांना पटत नाही. न पटल्यास गावातली जुनी टांकसाळ पाहावी. स्पॅनिश साम्राज्याची चांदीची नाणी इथेच पडत, आणि तिकीटही फारसं नाही.