श्रीगोंदे राखणारा कारभारी : विठ्ठल महादेव आणि १८०३ चा तह

१/
३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. दिल्ली-आग्र्याचे भवितव्य ठरवणाऱ्या या दस्तऐवजात चांभारगोंदे हे एक छोटेसे नावही आहे. चांभारगोंदे म्हणजे आजचे श्रीगोंदे. साम्राज्याच्या वाटाघाटीत या कसब्याचे नाव कोणी आणि कशासाठी घातले असेल?

२/
त्या वर्षीचा क्रम आधी ध्यानात घ्यावा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची फौज पदरी घेतली. शिंदे व नागपूरकर भोसले यांना ते मानवले नाही. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले आणि पहिला घाव अहमदनगरवर बसला. ८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ऑगस्टला किल्ला. श्रीगोंद्याच्या उशाशी असलेले शिंद्यांचे हे ठाणे चार-पाच दिवसांत गेले.

३/
पुढे सप्टेंबरात दिल्ली व असई, नोव्हेंबरात लासवाडी व अडगाव, डिसेंबरात गाविलगड असे पराभवामागून पराभव झाले. महादजींनी उभारलेली कवायती पलटणे मोडली. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला स्वतंत्र तह केला आणि शिंदे एकटे पडले. आता जे वाचवायचे ते बोलणी करूनच वाचवायचे होते.

४/
हे काम वृद्ध कारभारी विठ्ठल महादेव, म्हणजेच विठ्ठलपंत, यांच्याकडे आले. सोबत मुन्शी कमलनयन होते. समोर जनरल आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आणि पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. स्थळ सुर्जी अंजनगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातील.

५/
ही दोन राजांच्या दूतांची भेट नव्हती, हे तरुण वाचकांनी विसरू नये. एका बाजूला राज्याचा कारभारी होता, तर दुसऱ्या बाजूला लंडनमधील भागधारकांना नफा वाटणारी व्यापारी कंपनी. फरक इतकाच की या कंपनीजवळ फौज होती आणि तिच्या मागण्या तोफांच्या साक्षीने मांडल्या जात होत्या.

६/
कंपनीने पुष्कळ मिळवले. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख तिच्या पदरात पडला. फ्रेंचांना किंवा इंग्रजांशी युद्ध करणाऱ्या कोणत्याही राष्ट्राच्या माणसांना चाकरीस ठेवायचे नाही, हेही शिंद्यांना मान्य करावे लागले.

७/
तरीही विठ्ठलपंतांनी एक गोष्ट सोडवून घेतली. दक्षिणेतील शिंद्यांच्या जुन्या घरगुती जागा त्यांच्याकडेच राहाव्यात, असे कलम तहात आले. त्यात चांभारगोंदे व जामगाव हे परगणे होते, शिवाय इतर काही गावे. शिंदे मूळचे कण्हेरखेडचे पाटील. उत्तरेत त्यांनी बादशहाचा कारभार हाती घेतला, तरी त्यांची मुळे दक्षिणेच्या मातीतच होती. सुभा गेला तर पुन्हा जिंकता येतो, पण वतन गेले की घराण्याची ओळखच जाते, अशी त्या काळची धारणा होती.

८/
या सवलतीला एक अट जोडलेली होती. वसुलीच्या किंवा अन्य कोणत्याही निमित्ताने शिंद्यांनी या परगण्यांत फौज आणायची नाही. म्हणजे श्रीगोंद्याचा महसूल शिंद्यांचा, पण श्रीगोंद्यात शिंद्यांची तलवार नाही. जमीन ठेवायची आणि सत्ता काढून घ्यायची, ही कंपनीची रीत या एका अटीत स्पष्ट दिसते.

९/
फेब्रुवारी १८०४ मध्ये बऱ्हाणपूरला पुढचा तह झाला. तेव्हा विठ्ठलपंतांसमोर जॉन माल्कम होता. या वृद्धाच्या चेहऱ्यावर राग, भीती, आनंद काहीच उमटत नसे. माल्कमच्या गोटात त्यांना ‘म्हातारा ब्रॅग’ असे टोपणनाव पडले. ब्रॅग हा आपल्या तीनपत्तीच्या कुळातील इंग्रजी पत्त्यांचा डाव. त्यात हातातले पान चेहऱ्यावर दिसू न देणारा जिंकतो.

१०/
पुढे वेलस्लीची गाठ युरोपातील नामांकित मुत्सद्दी तालेराँ याच्याशी पडली. तो कसा वाटला, या प्रश्नावर वेलस्लीने दिलेले उत्तर माल्कमच्या चरित्रात नोंदले आहे. त्याचा आशय असा की, तालेराँ बराचसा म्हाताऱ्या ब्रॅगसारखा आहे, पण तितका हुशार नाही. शत्रूने दिलेली ही पावती मोठी खरी. मात्र ती कारभाऱ्याच्या कौशल्याची पावती आहे, राज्याच्या यशाची नव्हे.

११/
कारण याच तहाच्या सातव्या कलमात एक विषाचा थेंब होता. शिंद्यांच्या काही सरदारांना कंपनीकडून नेमणुका देण्याचे ठरले होते. चाकरी एका धन्याची आणि पैसा दुसऱ्याचा. असा माणूस दरबारात सल्ला देतो तेव्हा तो कोणाच्या हिताचा, हे धन्याने कसे ओळखावे?

१२/
नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहात सुमारे १५ लाखांच्या या नेमणुका बंद झाल्या. ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. पण त्याच तहाने खुद्द दौलतरावांना कंपनीकडून सालीना ४ लाख रुपये, पत्नी बायजाबाईंना २ लाखांची आणि कन्येला १ लाखाची जहागीर ठरली. सरदारांचा पगार थांबला आणि धन्याचा सुरू झाला.

१३/
श्रीगोंदे राखले गेले, ही विठ्ठलपंतांची कमाई. पण बंद तंबूत कारभारी आणि कंपनी भेटतात तेव्हा जिंकलेल्या-हरलेल्या मुलखाची यादी वाचून इतिहास पुरा होत नाही. तंबूतून बाहेर पडताना कोणाच्या नावे किती नेमणूक लिहिली गेली, तेही वाचावे लागते. चांभारगोंद्याचे कलम आणि सातवे कलम एकाच तहात आहेत. ती दोन्ही शेजारी ठेवून वाचली, म्हणजे मराठी सत्ता रणांगणाबाहेर कशी खचत गेली ते कळते.