६७५ विरुद्ध ६५० : युद्धकाळातला एक मोसम

स्नेहसंमेलनाच्या समितीकडून फोन आला, "तू इतिहासाचा माणूस, स्मरणिकेसाठी काहीतरी जुनं लिही. पण शाळेच्या इमारतीचा इतिहास नको, तो दोघांनी आधीच दिलाय." आयुष्यभर मुलांना सनावळ्या शिकवल्या, तेव्हा एक सनावळी आपल्या वर्गालाही सांगावी म्हणून हा लेख. विषय क्रिकेटचा आहे, पण ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनीही पान उलटू नये ही विनंती. यात ठाणे आहे, कल्याण आहे, आणि मी दहावीत असताना वडिलांशी केलेला एक अन्यायही आहे.

आपल्या वर्गाला १९४२ च्या चळवळीवर प्रकल्प करायचा होता, आठवतंय? "घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहा," असं बाईंनी सांगितलं होतं. कोणाच्या आजोबांनी पत्रकं वाटली होती, कोणाचे काका येरवड्यात होते. मी मोठ्या उत्साहाने बाबांना विचारलं, "तुम्ही तेव्हा पुण्यात कॉलेजात होतात ना? काय केलंत?" बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आम्ही मॅच बघत होतो." मला लाज वाटली. मी तिरसटपणे म्हणालो, "देश पेटला होता आणि तुम्ही मॅच बघत होतात?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मी शेजारच्या आजोबांची हकीकत उतरवून प्रकल्प दिला आणि त्याला चांगले गुणही मिळाले.

बाबा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. पहिल्या पानावर शाईने दोनच आकडे होते : ६७५ आणि ६५०. खाली रेघ, आणि रेघेखाली २५.

हे आकडे कशाचे, ते सांगतो.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या कोणालाही विचारलं नव्हतं. निषेध म्हणून प्रांतांमधल्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. तिकडे इंग्लंडमध्ये काउंटी अजिंक्यपद स्पर्धा सहा मोसम बंद राहिली. ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्डही थांबली. आपल्याकडे रणजी करंडक मात्र एकही वर्ष न चुकता चालू राहिला. १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा तेव्हा कोवळीच होती.

युद्धाच्या या पहिल्या दोन मोसमांत, १९३९-४० आणि १९४०-४१, करंडक जिंकला महाराष्ट्राने. त्याआधी महाराष्ट्राने तो कधी जिंकला नव्हता, आणि त्यानंतरही जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये आपण अंतिम फेरीपर्यंत गेलो आणि हात हलवत परत आलो.

त्या संघाचा कर्णधार कोण होता? पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रोफेसर दि. ब. देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी ओलांडली होती आणि हाताखालची पोरं विशीतली होती. वर्गात शब्द चालवून घ्यायचे आणि मैदानावर गोलंदाज, असं बाबा म्हणायचे. त्यांच्या तोंडून क्रिकेटबद्दल मी ऐकलेलं हे एवढंच एक वाक्य.

१९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय खेळाडूचं ते पहिलं त्रिशतक. त्याच मोसमात अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवलं. पुढच्या मोसमात बाबा इंटरला होते आणि पुण्यात मुंबईविरुद्ध सामना होता. मुंबईने ६५० धावा केल्या. आज कोणी ६५० केल्या तर दुसरा संघ सामना वाचवायचाच विचार करील. महाराष्ट्राने ६७५ केल्या! देवधर सरांच्या त्यात २४६, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. एवढ्या धावा झाल्यावर दुसरे डाव कुठले? पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागला. वहीतली रेघेखालची २५ ही ती आघाडी.

मुंबईच्या त्या ६५० मध्ये २०२ धावा होत्या एका डावखुऱ्या फलंदाजाच्या. नाव खंडू रांगणेकर. ठाणेकरांनो, थांबा आणि हे नाव परत वाचा. दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहाच्या आवारातल्या बॅडमिंटन हॉलला ज्यांचं नाव आहे, तेच हे. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं तिथे शटल मारायला गेली. पाटी रोज वाचूनही हे रांगणेकर कोण, हे आपण कधी विचारलं नाही. क्रिकेटपटूचं नाव बॅडमिंटनच्या हॉलला कसं, हा प्रश्नही पडला नाही. ते बॅडमिंटनही उत्तम खेळायचे. गंमत म्हणजे देवधर सरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनमध्ये देशभर नाव मिळवलं.

समोरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या संघात त्या मोसमात बावीस वर्षांचा एक देखणा तरुण होता, रंगा सोहोनी. सलामीला फलंदाजी करायचा, नवा चेंडूही टाकायचा. त्या मोसमात त्याने वेस्टर्न इंडियाविरुद्ध नाबाद २१८ धावा काढल्या. अंतिम सामना मद्रासला झाला, मद्रासविरुद्ध. सहा गडी राखून महाराष्ट्राने करंडक पुन्हा पुण्याला आणला.

आता ठाणेकराने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या? १९४१ मध्ये नकाशावर महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं, पुणे आणि मुंबई दोन्ही मुंबई प्रांतातच होती. 'महाराष्ट्र' हा शब्द क्रिकेटच्या धावफलकावर आधी आला आणि नकाशावर १९६० साली. बाबांचं घर ठाण्याला, कॉलेज पुण्याला. वहीवरून तरी ते पुण्याकडचे दिसतात, कारण ६७५ हा आकडा ६५० च्या वर लिहिलेला आहे. पण रांगणेकरांच्या २०२ ला त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केलेला आहे.

सामना जातीधर्मांचा नसून प्रांतांचा होता, याला त्या वर्षी वेगळं महत्त्व होतं. मुंबईत तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी खेचणारी स्पर्धा होती पेंटॅंग्युलर : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' असे पाच संघ. बॉबी तल्यारखान एकटे दिवसभर रेडिओवर इंग्रजीत समालोचन करायचे आणि लोक इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभे राहून ऐकायचे. ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, माणसं तुरुंगात जाऊ लागली. डिसेंबरमध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या संघांच्या खेळाबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली आणि त्या वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. पुढच्या वर्षी तो परत आला आणि स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. म्हणजे "देश पेटला असताना मॅच कसली?" हा मी बाबांना विचारलेला प्रश्न त्या काळात सगळा देशच स्वतःला विचारत होता, आणि त्याचं एकच एक उत्तर कोणापाशी नव्हतं. हे मला इतिहासाचा शिक्षक झाल्यावरही बऱ्याच उशिरा कळलं.

पेंटॅंग्युलरमधला एक डाव सांगायलाच हवा. डिसेंबर १९४३, अंतिम सामना. हिंदूंच्या ५८१ धावा, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ वर संपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या! भाऊ विवेक २१ धावा करून एक बाजू धरून उभा होता, आणि दोघांची भागी झाली ३०० धावांची. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. हरलेल्या संघातल्या माणसाची खेळी लोक ऐंशी वर्षं सांगतात, हेही त्या काळाला साजेसंच.

बाबांच्या वहीत मात्र हा डाव नाही. वहीतलं क्रिकेट ऑगस्ट १९४२ च्या आधीच थांबतं. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत नेत्यांना अटक झाली, कॉलेजं ओस पडली. त्याच महिन्यात आजोबांनी अंथरूण धरलं. बाबा पुण्याहून परत आले ते कायमचे. घरात पाठची चार भावंडं. त्यांना कल्याणला रेल्वेत कारकुनी मिळाली. वहीच्या पुढच्या पानांवर तांदूळ, रॉकेल, औषधं, बहिणीची फी असा हिशोब आहे. १९४३ पासून रेशनच्या नोंदी आहेत. १४ एप्रिल १९४४ या तारखेसमोर एवढंच : "गोदीत स्फोट. धाकटा रात्री उशिरा घरी आला. सुखरूप."

कल्याणला त्यांनी युद्ध पाहिलं ते रुळांवरून. कल्याण जंक्शन, मुंबईहून सुटलेली गाडी पुण्याकडे जाणार की नाशिककडे, ते तिथेच ठरतं. सैनिकांच्या खास गाड्या रात्री-अपरात्री जायच्या. स्टेशनापलीकडे उल्हास नदीच्या बाजूला लष्कराने पाच कॅम्प उभारले होते. बोटीची वाट बघणारे गोरे शिपाई तिथे संध्याकाळी फुटबॉल खेळायचे, असं आमची आत्या सांगायची. बाबा तिला एकदा डबा पोचवायला आली असताना लांबून ते दाखवायला घेऊन गेले होते. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. आपल्या वर्गातले जे मित्र 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'कॅम्प नंबर चार' असा पत्ता सांगायचे आणि ज्यांना आपण हसायचो, त्यांच्या पत्त्यातला कॅम्प तो हा.

शिपायांमध्ये खेळाडूही होते. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धाच्या निमित्ताने महूला होता. मार्च १९४५ मध्ये तो होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. एका सामन्यात २०७८ धावा! कॉम्प्टन नाबाद २४९ आणि तरी होळकर ३७४ धावांनी हरले. त्याच मोसमात पन्नाशी ओलांडलेल्या देवधर सरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली.

धावांचे हे डोंगर ऐकून वाटेल, केवढा सुकाळ! पण दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट १९३६ नंतर भारताचा अधिकृत कसोटी सामना झाला तो थेट जून १९४६ मध्ये. मधली दहा वर्षं कोरी. युद्ध सुरू झालं तेव्हा रांगणेकर बावीस वर्षांचे होते, सोहोनी एकवीसचे. ज्या वयात खेळाडू बहरतो ते वय युद्धात गेलं. सोहोनींना पुढे चार कसोटी मिळाल्या. १९४६ मध्ये मँचेस्टरला शेवटची जोडी म्हणून ते आणि हिंडलेकर तेरा मिनिटं उभे राहिले आणि सामना वाचवला. रांगणेकरांना तीनच कसोटी मिळाल्या, १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात, स्वतंत्र भारताच्या पहिल्या दौऱ्यावर. तिथे त्यांना फारशा धावा जमल्या नाहीत. आणि देवधर सरांना? एकही नाही. १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला तेव्हाच ते चाळिशीत होते. पण तक्रार करत बसले असं कोणी सांगत नाही. २४ ऑगस्ट १९९३ ला ते गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाचा देवधर करंडक सुरू झाला होता, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

खंडू रांगणेकर ११ ऑक्टोबर १९८४ रोजी ठाण्यात वारले. रंगा सोहोनी १९ मे १९९३ रोजी, तेही ठाण्यातच. १९४०-४१ मध्ये समोरासमोरच्या संघांत असलेली ही दोन माणसं शेवटी आपल्या गावात होती. आपण गावसकर-विश्वनाथवर वाद घालत तलावपाळीला फेऱ्या मारत होतो. कोणीही त्यांच्या दारात जाऊन "त्या सामन्याचं सांगा ना" असं म्हणालं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्या तर घरातच त्या सामन्याचा प्रेक्षक होता.

आता मला वाटतं, बाबांचं "आम्ही मॅच बघत होतो" हे उत्तर खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. कॉलेज सुटलं, घर अंगावर आलं, तुरुंगात जायची चैन परवडली नाही, हे सगळं सोळा वर्षांच्या उर्मट पोराला काय सांगायचं? म्हणून त्यांनी स्वतःच्या तरुणपणातला आनंदाचा भाग तेवढा सांगितला. मी तोही ऐकून घेतला नाही. बाईंनी प्रकल्पाला दिलेले गुण आज परत करता आले असते तर केले असते.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनाला याल तेव्हा एक करा. आपल्या गुरुजनांपैकी जे येणार आहेत त्यांच्याजवळ नुसते फोटो काढून उठू नका. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, त्यांच्या तरुणपणी काय चाललं होतं. उत्तर आलं, "काही नाही, मॅच बघत होतो," तर पुढचा प्रश्न विचारा : कुठली मॅच? किती धावा झाल्या?